‘नो चार्ज, अंकल’: एका शब्दापायी अडकलेल्या खरेदीखताचं प्रकरण

पार्श्वभूमी

मी तालुक्याच्या गावी एका वकीलसाहेबांच्या ऑफिसात ज्युनियर आहे, आमच्याकडे जमिनीची कामं जास्त येतात. हे प्रकरण पश्चिम महाराष्ट्रातल्या एका गावातलं. ज्यांचं आहे त्यांना विचारूनच लिहितेय, पण नावं, गट नंबर, बँक यातलं काहीच देणार नाही. जमीन विकणाऱ्यांना तात्या म्हणू आणि घेणाऱ्यांना अण्णा.

तात्यांची जमीन दोन गटांत. विहिरीकडचा गट मोठा, तिथे ऊस, आणि माळाकडचा एक एकराचा वेगळा गट. २०१८ ला त्यांनी पाइपलाइन आणि मोटरसाठी एका बँकेच्या तालुक्यातल्या शाखेतून चार लाखांचं कर्ज घेतलं, तेव्हा दोन्ही गट तारण दिले आणि दोन्ही सातबाऱ्यांवर ‘इतर हक्क’ या रकान्यात बँकेचा बोजा चढला. यात वेगळं काहीच नाही, गावात दहातल्या आठ जणांच्या सातबाऱ्यावर कुठला ना कुठला बोजा असतोच. हप्ते पुढेमागे झाले पण तात्या बुडवणाऱ्यातले नाहीत, फेब्रुवारी २०२४ मध्ये उसाचं बिल आलं तसं त्यांनी उरलेली सगळी रक्कम एकदम भरून खातं बंद केलं.

खातं बंद करताना बँकेने त्यांना तीन गोष्टी दिल्या. नील दाखला (कर्जाची काही बाकी नाही असा), तारण ठेवलेली मूळ कागदपत्रं, आणि एक पानी इंग्रजी पत्र. त्या पत्रातलं एकच वाक्य या प्रकरणाच्या मुळाशी आहे. ‘दि चार्ज क्रिएटेड ऑन द सेड लँड शॅल बी रिलीज्ड ऑन रिक्वेस्ट ऑफ द बॉरोअर.’

घरात इंग्रजी वाचणारा एकच, तात्यांचा पुतण्या, पुण्यात इंजिनिअरिंगला आहे, नेमका सुट्टीला आलेला. त्याने वाचलं आणि सांगितलं की तात्या, जमिनीवर त्यांनी काहीतरी चार्ज लावला होता तो मागितला तर परत देणार म्हणतायत. तात्यांनी हिशोब केला की असतील हजार-पाचशे, प्रोसेसिंगचे वगैरे, त्यासाठी कुठे परत हेलपाटे घालायचे. तरी जाता जाता मॅनेजरला विचारलं, ‘साहेब, आता काही चार्ज बाकी नाही ना?’ मॅनेजर बिहारकडचे, नुकतेच बदलून आलेले, चांगला माणूस. ते हसून म्हणाले, ‘नो चार्ज, अंकल, सब क्लिअर.’

तात्यांनी फाइल ट्रंकेत ठेवली.

अडचण कुठे आली

वर्षभरानंतर तात्यांनी घर बांधायला काढलं आणि पैशासाठी माळाकडचा एकर विकायचं ठरवलं. शेजारच्या गटाचे अण्णाच घेणार होते, म्हणजे बांधाला बांध, दोन्ही घरांचं पिढ्यांचं येणंजाणं. दोन लाख विसार दिला, विसारपावती झाली, तीन महिन्यांत खरेदीखत करायचं ठरलं. विसारपावतीत नेहमीचं वाक्य होतंच, की सदर मिळकत निर्वेध व बोजाविरहित आहे. तात्यांनी वाचून, समजून सही केली, कारण त्यांच्या मते ती तशीच होती.

अण्णांच्या वकिलांनी १५ रुपये भरून ऑनलाइन डिजिटल सहीचा सातबारा काढला. इतर हक्कात बँकेचं नाव, बोजा, चार लाख, बाजूला फेरफार नंबर, म्हणजे ज्या बदल-नोंदीने बोजा चढला तिचा क्रमांक. जसं २०१८ ला चढलं होतं तसंच.

अण्णा त्याच संध्याकाळी तात्यांच्या ओसरीवर आले. ते रागावले असते तर बरं झालं असतं असं तात्या मला नंतर म्हणाले. अण्णा फक्त एवढंच म्हणाले, ‘तात्या, आधी सांगायचं होतंत.’ तात्या म्हणाले, ‘अरे कर्ज फेडून वर्ष झालं, मॅनेजर स्वतः म्हणाला नो चार्ज.’ आणि अण्णा म्हणाले, ‘मग हे काय आहे?’

इथे पैशाचा प्रश्न नव्हताच हे लक्षात घ्या. कर्ज खरंच फिटलेलं होतं, मॅनेजर खोटं बोलले नव्हते, पुतण्याला इंग्रजी येत होतं, पत्रातलं वाक्यही अगदी बरोबर होतं. चारही गोष्टी आपापल्या जागी खऱ्या होत्या आणि तरी एका सरळ माणसावर बोजा लपवल्याचा संशय आला.

हा ‘चार्ज’ नक्की कोणता

तात्या आमच्याकडे आले तेव्हा सगळे कागद टेबलावर मांडून माझा पहिला तास या एका शब्दातच गेला, आणि मला वाटतं तो सत्कारणी लागला.

आपण मराठीत ‘चार्ज’ दिवसभर वापरतो. मोबाइल चार्जिंगला लावतो. नव्या हेडमास्तरांनी चार्ज घेतला म्हणतो. वॉर्डची सिस्टर इनचार्ज असते. मोर्चावर लाठीचार्ज होतो. पोलीस चार्जशीट दाखल करतात, आणि त्यानंतर कोर्ट चार्ज फ्रेम करतं, या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत हे पक्षकारांना समजावता समजावता आमचं आयुष्य जातं. बँक एसएमएसचे चार्जेस कापते. यातल्या प्रत्येकाला सरकारी मराठीत वेगळा शब्द आहे. महावितरणच्या बिलावर तो ‘आकार’ आहे, स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार. विज्ञानाच्या पुस्तकात ‘प्रभार’ आहे. शाळेत ‘प्रभारी’ मुख्याध्यापक, कार्यालयात कार्यभार. कोर्टात ‘आरोप’ किंवा ‘दोषारोप’. आणि जमिनीच्या कागदावर ‘बोजा’.

मूळ शोधायला गेलं तर हे सगळे अर्थ एकाच जागेवरून निघालेत. लॅटिनमध्ये ‘कारुस’ म्हणजे गाडा, त्यावरून ‘कारिकारे’ म्हणजे गाड्यात माल भरणे, ते जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत येऊन चार्ज झालं. कार आणि कार्गो हे त्याच घरातले शब्द. म्हणजे चार्ज म्हणजे मुळात ओझं घालणं. माणसावर काम घातलं तर तो इनचार्ज, पैसे घातले तर फी, गुन्हा घातला तर आरोप, बंदुकीत दारू ठासली तरी तोच शब्द, आणि १७४७ च्या सुमारास बेंजामिन फ्रँकलिनने विजेसाठी वापरला तोही हाच. आपल्याकडे ज्यांनी प्रतिशब्द घडवले त्यांनीही बहुतेक ठिकाणी भार हाच धागा धरलाय, प्रभार, कार्यभार, अधिभार. ‘आरोप’ सुद्धा मुळात वर ठेवणं, चढवणं, वृक्षारोपणातला आरोप तोच. आणि बोजा तर सरळ ओझंच. तलाठी म्हणतात बोजा चढवला, बोजा उतरवला, तेव्हा ते दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या गाड्याचीच भाषा बोलत असतात. मला हे फार सुंदर वाटतं.

पण तात्यांच्या घरात यातला एकच अर्थ रुळलेला होता, फी. आणि तो इतका रुळलेला की दुसरा असेल अशी शंकासुद्धा यायला जागा नव्हती. पत्रात ‘एन्कम्ब्रन्स’ असा अनोळखी शब्द असता तर पुतण्याने फोनवर शोधला असता. ओळखीच्या शब्दाला कोण डिक्शनरी काढतो? मॅनेजरचंही तेच, ते बँकेचे माणूस, दोन्ही अर्थ रोज वापरणारे, पण एक म्हातारा शेतकरी काउंटरवर ‘काही चार्ज’ म्हणतो तेव्हा तो फीबद्दलच विचारतोय असं कुणालाही वाटेल, आणि तात्या खरंच फीबद्दलच विचारत होते. त्यामुळे त्या दिवशी काउंटरवर दोघांचं बोलणं बरोबर जुळलं. गोंधळ नंतर झाला, कारण तात्यांच्या डोक्यात ‘नो चार्ज, सब क्लिअर’ हे वाक्य हळूहळू ‘जमीन मोकळी आहे’ असं होऊन बसलं.

कायद्यात या चार्जला स्वतःचं कलम आहे, मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ चं कलम १००. एखाद्याची स्थावर मिळकत दुसऱ्याचे पैसे मिळण्यासाठी तारण झाली पण व्यवहार गहाणाइतका पुढे गेला नाही, तर तो चार्ज. सातबाऱ्यावर मात्र गहाण काय आणि हा चार्ज काय, सगळं बोजा या एकाच नावाखाली येतं.

कोणकोणते पर्याय होते

विसाराची मुदत संपायला महिन्याच्या वर थोडे दिवस उरले होते, म्हणून पर्याय वेळेच्या हिशोबानेच बघावे लागले.

सगळ्यात सोपा वाटणारा पर्याय तात्यांनी स्वतः सुचवला, नील दाखला जोडून तसंच खरेदीखत करायचं. कायद्याने बघितलं तर कर्ज फिटलं की तारणात काही उरत नाही, सातबाऱ्यावरची ओळ ही नुसती जुनी नोंद. पण अण्णांचे वकील तयार होईनात आणि त्यांच्या जागी मीही झाले नसते. उद्या अण्णांना त्या गटावर पीककर्ज काढायचं झालं तर बँक ती ओळ बघणार, आणि आता बोजा दिसलेला आहे म्हटल्यावर ‘आम्हाला माहीत नव्हतं’ असंही अण्णांना कधी म्हणता येणार नाही. भरपाईची हमी लिहून देऊ का असंही तात्यांनी विचारलं, पण हमीने ओळ पुसली जात नाही.

दुसरा पर्याय बँकेविरुद्ध तक्रारीचा, यासाठी पुतण्या फार आग्रही होता. त्याने रिझर्व्ह बँकेचं १३ सप्टेंबर २०२३ चं परिपत्रक शोधून आणलं होतं. वैयक्तिक कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागदपत्रं परत द्यायची आणि कुठल्याही नोंदवहीत नोंदवलेले चार्जेस काढायचे, बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये, १ डिसेंबर २०२३ पासून लागू. तात्यांनी खातं बंद केलं फेब्रुवारी २०२४ मध्ये, म्हणजे तारखेत बसतं. गंमत बघा, या खेपेला पुतण्याने ‘चार्जेस’ हा शब्द वाचला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, ‘मॅडम, हा बोजावाला ना?’ हो, हा बोजावाला. पण वकीलसाहेबांचं म्हणणं पडलं की परिपत्रक वैयक्तिक कर्जांचं आहे, त्यात शेतीचं कर्ज बसतं का आणि सातबारा हा त्या ‘नोंदवहीत’ येतो का यावर बँक वाद घालेल, शिवाय बँकिंग लोकपालाकडे जायच्या आधी बँकेला लेखी तक्रार देऊन ३० दिवस थांबावं लागतं, आणि तेवढ्यात विसाराची मुदत संपेल.

तिसरा पर्याय एक एजंट स्वतःहून घेऊन आला, दोन दिवसांत बोजा उडवून देतो, किती ते त्याने आकड्यात सांगितलं. यावर आम्ही एक मिनिटसुद्धा घालवलं नाही.

चौथा पर्याय सरळ रस्त्याचा. बँकेकडून तलाठ्यांच्या नावे नीट पत्र घ्यायचं, बोजा कमी करण्याचा अर्ज द्यायचा, फेरफार मंजूर होईपर्यंत थांबायचं आणि तोपर्यंत अण्णांकडून मुदतवाढ मागायची. याला एकच धोका, अण्णा मुदतवाढ देतील का. विश्वासाला तडा गेलेला असताना मुदत मागणं म्हणजे संशय वाढवणं, असं तात्यांना वाटत होतं.

निर्णय आणि प्रत्यक्ष कारवाई

वकीलसाहेबांनी क्रम उलटा लावला आणि माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात चांगला निर्णय तोच. आधी बँक नाही, आधी अण्णा. अण्णा आणि त्यांचे वकील यांना आमच्या ऑफिसात बोलावलं, समोर ते इंग्रजी पत्र ठेवलं, नील दाखला ठेवला, खात्याचा उतारा ठेवला, आणि पुतण्याला सांगितलं की तू तेव्हा याचा काय अर्थ लावलास तो तुझ्या तोंडाने सांग. त्याने सांगितला. अण्णांचे वकील वाक्य वाचून म्हणाले, ‘चुकीचं नाही वाचलं पोराने, असंही वाचता येतं.’ अण्णा बराच वेळ पत्र हातात धरून बसले, त्यांना इंग्रजी येत नाही, पण ते बघत होते. मग म्हणाले, करा दीड महिना वाढवून. पुरवणी लिहून दोघांच्या सह्या झाल्या.

मग बँक. नील दाखल्यावर फक्त कर्जखात्याचा नंबर होता, गट नंबर नव्हता, गावाचं नावही नव्हतं. असा दाखला घेऊन तलाठ्यांकडे गेलं तर ते परत पाठवणारच, कारण कुठल्या गटावरची कुठली नोंद कमी करायची हे त्यावरून कळत नाही. मी आणि तात्या शाखेत गेलो. मी ठरवून गेले होते की ‘चार्ज’ हा शब्द तोंडातून काढायचाच नाही. सातबारा टेबलावर ठेवला, इतर हक्कातल्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हटलं, साहेब, हे काढायचंय. मॅनेजरना मराठी येत नाही पण देवनागरी येते, त्यांनी बोटाखालचं अक्षर अक्षर वाचलं, ‘बो-जा’, आणि एकदम म्हणाले, ‘अरे, बोझा! ये अभी तक चढ़ा है?’ तिथून पुढचं काम चहा येईपर्यंत झालं.

पत्राचा मसुदा आम्ही करून नेला होता. तलाठ्यांच्या नावे, गावाचं नाव, दोन्ही गट नंबर, कर्जखाते नंबर, रक्कम, बोजा ज्या फेरफाराने चढला त्याचा नंबर, कर्ज पूर्ण फिटल्याची तारीख, आणि खाली मराठीत, ‘सदर गटांवरील आमच्या बँकेचा बोजा कमी करण्यास आमची हरकत नाही.’ वर इंग्रजीत तेच. मॅनेजरनी इंग्रजीत ‘चार्ज’ लिहिलं होतं, त्याच्यापुढे त्यांनी स्वतःच देवनागरीत ‘बोजा’ लिहून सही-शिक्का केला.

अर्ज तलाठ्यांकडे दिला. बोजा चढवणं-उतरवणं आता ई-हक्क प्रणालीतून ऑनलाइनही करता येतं, पण तात्यांना पोच हातात हवी होती म्हणून प्रत्यक्ष दिला. नोंद धरली, नोटीस निघाली, हरकतीसाठी साधारण १५ दिवसांची मुदत असते ती गेली, मंडळ अधिकाऱ्यांनी फेरफार प्रमाणित केला.

निकाल

वाढवून घेतलेल्या मुदतीच्या आत खरेदीखत झालं. सब-रजिस्ट्रार ऑफिसात अण्णांनी सकाळी काढलेला नवा सातबारा आणला होता, त्यांनी तो तात्यांना दाखवला, तात्यांनी नुसती मान हलवली. घर आता स्लॅबपर्यंत आलंय.

बँकेकडे भरपाईची मागणी तात्यांनी केली नाही. मला ते पटलेलं नाही, मागणी मिळो न मिळो लेखी द्यायला हवी होती असं माझं मत आहे, निदान नोंदवहीत सातबारा येतो का या प्रश्नाला कुणीतरी कागदावर उत्तर दिलं असतं. वकीलसाहेब म्हणतात, पक्षकाराला घर बांधायचंय, कायदा घडवायचा नाही.

काय वेगळं करता आलं असतं

पहिली जागा ते वाक्यच. ‘ऑन रिक्वेस्ट ऑफ द बॉरोअर’ म्हणजे विनंती करायची जबाबदारी तात्यांवर टाकली होती, पण विनंती कशाची, कुणाकडे, कुठला कागद लावून, यातलं काहीच पत्रात नव्हतं. पैसे भरायच्या स्लिपवर मराठी छापतात, मग ज्या कागदावर माणसाची जमीन सुटते त्यावर एक ओळ मराठीत का नसावी? आणि ते तलाठ्यांच्या नावाचं पत्र खातं बंद करतानाच हातात ठेवलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं.

दुसरी जागा काउंटरवरचा प्रश्न. तात्यांनी ‘चार्ज’ न म्हणता नेहमीच्या भाषेत ‘सातबाऱ्यावरचा बोजा उतरला का’ एवढं विचारलं असतं तर हिंदीतल्या बोझ्यामुळे मॅनेजरना तेव्हाच कळलं असतं. साहेबांशी बोलताना आपण आपला नेमका शब्द टाकून त्यांचा मोघम शब्द उचलतो, हे मी रोज बघते. बोजा म्हटलं की एकच अर्थ, चार्ज म्हटलं की डझनभर.

तिसरी जागा विसारपावती. ‘निर्वेध व बोजाविरहित’ हे वाक्य छापील नमुन्यात असतं म्हणून येतं, त्या दिवशीचा सातबारा कुणीच काढलेला नसतो. १५ रुपयांचं काम आहे. आमच्या ऑफिसात आता विसाराच्या आधी दोन्ही बाजूंनी त्याच तारखेचा सातबारा बघितल्याशिवाय मसुदा करत नाही.

पुतण्याला दोष द्यायला मी तयार नाही. फी हाच अर्थ त्याच्या आयुष्यात शंभर वेळा खरा ठरलेला होता.

विहिरीकडच्या गटाचं काम मात्र संपलेलं नाही. बँकेचा बोजा तिथूनही उतरला, पण नवा सातबारा आला तेव्हा त्याच्या वरच्या ओळीवर नजर गेली, तात्यांच्या वडिलांच्या नावचा विकास सोसायटीचा इकरार, म्हणजे सोसायटीच्या कर्जासाठी जमीन तारण दिल्याची नोंद, अजून तसाच उभा आहे. कर्ज कधीच फिटलंय असं तात्या म्हणतात. सोसायटीच्या सचिवांकडे जुनं खतावणी बुक शोधायला अर्ज दिलाय, अर्जात चार्ज हा शब्द कुठेही नाही.